आत जाते ती, बाहेर येते ती

१

आधी कूलर आला की आधी टीव्ही, हे रुपरावांना आता सांगता येत नाही. टीव्ही आठवला की पाठीला कूलरमधल्या ओल्या खसाचा गार वारा लागतो, म्हणजे दोन्ही एकाच उन्हाळ्यात आले असावेत. पण मारोतरावांच्या पोराच्या लग्नात वऱ्हाडातली माणसं त्याच कूलरसमोर झोपली होती, आणि ते लग्न टीव्हीच्या बरंच आधीचं, असं सगळे सांगतात. रुपरावांनी आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. साक्षीदार एका गोष्टीत चुकला तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावर किती विसंबायचं, हा त्यांचा वर्गात विचारायचा आवडता प्रश्न. आता साक्षीदार ते स्वतःच आहेत आणि उलटतपासणी घेणारेही तेच. त्यामुळे ही हकिगत त्यांनी सहसा कुणाला सांगितली नाही.

एवढं मात्र गल्लीतल्या कुणालाही विचारा. तेव्हा नागपुरात इंदोऱ्याच्या त्या गल्लीत टीव्ही एकट्या रुपरावांकडे होता, आणि रविवारी सकाळी त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा.

रविवारी ती हसवणारी हिंदी मालिका लागायची. दुबेजी नावाचा एक चिडका कारकून, त्याची शांत बायको आणि त्यांची बैठकीची खोली. खोलीच्या मागच्या भिंतीत दार, दाराला फुलाफुलांचा पडदा. बायको पडद्याआड जायची आणि चहा घेऊन यायची, तेवढ्यात दुबेजीने काहीतरी घोळ घालून ठेवलेला असायचा. कुठली तरी न दिसणारी माणसं खदखदून हसायची, मग गल्लीही हसायची.

रुपराव हसत नसत. ते चुका काढत.

"पाहा, पाहा. आत जाताना तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. आता लाल."

"होय गा!" मारोतराव मांडीवर थाप मारत. ते गिरणीतून निवृत्त झालेले जॉबर, म्हणजे मुकादम, शेजारच्याच घरात राहणारे. "सर, तुमच्या डोळ्यांतून काही सुटत नाही. दुबेजीले कळून नाही राहिलं, अन् तुम्हाले कळते."

"त्याची बायको आहे. त्याला आधी कळायला पाहिजे."

"नवऱ्याले कधी कळते का, सर?" मारोतरावांची बायको कांताबाई जमिनीवरून म्हणायची, आणि बायका दुबेजीला हसल्या नसतील इतक्या हसायच्या.

रुपरावांची बायको मनकर्णा हे सगळं अर्धंच ऐकायची. तिचा एक नेम होता. घरी आलेला माणूस तिच्या हातचा चहा घेतल्याशिवाय उठता कामा नये. म्हणून मालिका सुरू झाली की ती उठायची आणि आपला हिरवा पडदा सारून स्वयंपाकघरात जायची.

२

रुपरावांचा भाचा गोविंदा मुंबईला, जिथे ही मालिका चित्रित व्हायची त्याच स्टुडिओत, आवाजाच्या खात्यात होता. तो सुट्टीला आला तेव्हा मामांनी आपल्या सगळ्या चुका त्याच्यापुढे मांडल्या. घड्याळाचे काटे, बदललेला कप, एका वाक्यात वाढून दुसऱ्या वाक्यात तुळतुळीत झालेली दुबेजीची दाढी.

गोविंदा हसला. "मामाजी, तिथं क्रमानं काहीच होत नाही. बाई पडद्याआड जाते तो सीन फेब्रुवारीत घेतला, अन् चहा घेऊन बाहेर येते तो एप्रिलात. मधात ती आजारी पडली, माहेरी जाऊन आली, वजन कमी झालं. आम्ही दोन्ही तुकडे जोडतो. पाहणाऱ्याले वाटते, एका मिनिटात आली."

"आणि कुणाच्या लक्षात येत नाही?"

"येत नाही. माणूस आत गेला अन् तोच बाहेर आला, असंच सगळे धरून चालतात. तुमच्यासारखा एखादाच पाहत बसते."

मनकर्णा दारात उभी राहून ऐकत होती. "मंग त्या बाईले समजत असंल नं, मधात किती दिवस गेले ते," ती म्हणाली.

"तिले तर समजतेच, मामीजी. पण तिले कोण विचारते?"

३

त्यानंतरच्या एखाद्या रविवारची गोष्ट. पुढच्याच की त्याच्या पुढच्या, हे रुपराव छातीवर हात ठेवून सांगणार नाहीत.

पोह्यांच्या फोडणीचं तेल मनकर्णाच्या मनगटावर उडालं. ती हात झटकत बाहेर आली. मनगटाच्या आतल्या बाजूला लालबुंद चट्टा आणि त्यावर फोड वर येत असलेला. रुपरावांनी तो चष्मा लावून पाहिला. कांताबाई म्हणाली, "बटाटा किसून लावा, ताई, थंडावा येते." मनकर्णा बटाटा किसायला आत गेली. पडदा हलला आणि थांबला.

दुबेजीचा पायजमा खिळ्यात अडकला. गल्ली हसली. पडदा पुन्हा हलला आणि मनकर्णा पोह्यांच्या बशा घेऊन आली. तिने रुपरावांची बशी पुढे केली तेव्हा तिचं मनगट त्यांच्या डोळ्यांसमोरच होतं. त्यावर पांढरा, गुळगुळीत, जुना वण होता.

"अवं, हात पाहू."

"कायचा हात?"

"भाजला ना आत्ता."

"आत्ता?" तिने मनगट उलटं करून पाहिलं, एखाद्या जुन्या साडीकडे पाहावं तसं. "त्याले किती दिवस झाले जी." आणि ती मारोतरावांना बशी द्यायला वळली. पोह्यांतून वाफ निघत होती.

रुपरावांनी स्वतःलाच बजावलं की दोन रविवार एकमेकांना चिकटले असतील. भाजलं असेल मागे कधीतरी, आपल्याला दिसलं आज. स्मरणशक्ती अशीच जाते, आरडाओरडा न करता. तरी संध्याकाळी अंगणात भेटल्यावर त्यांनी कांताबाईला विचारलंच. "मनकर्णा भाजली होती, ते केव्हा?"

"ताई तर भाजतच राहतात, सर," कांताबाई म्हणाली. "कोन्या दिवशी नाही भाजत?"

४

मग ते पाहायला लागले. टीव्हीतल्या बाईकडे नाही, घरातल्या.

मे महिना होता. गल्लीतली कुत्रीही नालीत पडून असायची. मनकर्णा पाणी आणायला आत गेली आणि खांद्यांवर शाल घेऊन बाहेर आली. "काहून, थंडी वाजते?" त्यांनी विचारलं. तिने शालीकडे पाहिलं, मग कूलरकडे, आणि ती काढून ठेवली. तिच्या बोटांना संत्र्याच्या ताज्या सालीचा वास होता. बाजारात तेव्हा संत्रं औषधालाही नव्हतं.

एकदा ते तिला कूलरचा खस बदलायचं सांगत होते. वाक्य अर्धं असताना दूध ऊतू चालल्याचा वास आला म्हणून ती आत पळाली. आली तेव्हा त्यांनी वाक्य पुरं केलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे तर तुम्ही कवाचं सांगितलं होतं. आता तर मी विसरूनही गेली."

तिचे केस कानामागे पिकत चालले होते. सगळ्यांच्याच बायकांचे पिकतात. पण रुपरावांना दिसायचं ते असं, की सकाळी आत जाताना एक बट काळी असायची आणि दुपारी जेवण वाढताना तीच पांढरी. ती पांढरी झालेली त्यांनी कधी पाहिली नाही. पाहिली ती झालेलीच.

त्यांनी मेडिकल कॉलेजमधल्या एका डॉक्टरला स्वतःची तब्येत दाखवली. डॉक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने तारीख विचारली, शंभरापासून उलटे आकडे म्हणायला लावले, आणि म्हणाला, "सर, तुमची मेमरी माझ्यापेक्षा चांगली आहे. काळजी फार करता तुम्ही."

रुपराव रिक्षाने घरी आले. खूळ लागल्याचं निदान झालं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. मग निदान तिला काही होत नव्हतं, असं म्हणता आलं असतं.

५

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरात पाट टाकला आणि भिंतीला टेकून बसले.

घर बांधलं तेव्हा या खोलीचं माप त्यांनीच काढलं होतं. आता ती परक्याच्या घरातली असल्यासारखी वाटत होती. ओटा, ओट्यावर गॅस, वर फळीवर तुपाचे एकसारखे रिकामे डबे, ज्यांत डाळी आणि पिठं भरलेली. खिडकीबाहेर पेरूचं झाड. मनकर्णा ओट्याशी उभी होती, डाव्या पायाचा तळवा उजव्या घोट्यावर टेकवून, करकोच्यासारखी. ती अशी उभी राहते हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"काहून बसले इथं?"

"असाच."

"कांता पाहील तर म्हणंन, सर बायकोची चौकी करून राहिले." पण तिला राग आला नव्हता. थोड्या वेळाने ती आपणहून बोलायला लागली. माहेरच्या भिवापूरच्या मिरच्यांबद्दल, लहानपणी मिरच्या खुडून जळजळणाऱ्या बोटांबद्दल. ते ऐकत राहिले. काहीच झालं नाही. तांदूळ तेवढ्याच वेळात शिजला जेवढ्या वेळात शिजतो. तिची काळी बट काळीच राहिली.

दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. रुपरावांनी निष्कर्ष काढला, आणि तो काढताना आपण काय काढतो आहोत याची त्यांना लाज वाटली. ते जवळ असले की ती खोली फक्त खोली असते. ती एकटी गेली की नसते. याला पुरावा नाही, कारण पुरावा बघायला जावं तर ती एकटी उरत नाही. वर्गात कुणी असा युक्तिवाद केला असता तर त्यांनी तो फळ्यावर खोडला असता.

त्यांनी गल्लीतल्या पार्वतीबाईला स्वयंपाकाला ठेवायचं काढलं. मनकर्णाने डबे आपटले. "माझ्या ओट्यापाशी दुसरी बाई उभी राहीन? मी मेली का?"

म्हणून ते रोज पाटावर बसत राहिले. राहता राहिला रविवार, कारण रविवारी घर भरलेलं असे आणि यजमानाने बायकोच्या मागे स्वयंपाकघरात जाऊन बसावं असा काही तो काळ नव्हता.

६

मालिकेचा शेवटचा भाग होता त्या रविवारी रुपरावांनी एक युक्ती केली. सकाळीच त्यांनी वातीचा स्टोव्ह, पातेलं, दूध, चहापत्ती, कपबशा, सगळं बैठकीत आणून मांडलं.

"सर, टपरी टाकून राहिले का?" मारोतराव दारातूनच ओरडले.

"आज मनकर्णा पूर्ण भाग पाहणार. चहा इथंच होईल."

"पाह्यलं?" कांताबाई आपल्या सुनेला, गोपिकेला, कोपराने ढोसत म्हणाली. गोपिकेला सहावा महिना होता, ती खुर्चीवर अवघडून बसली होती. "याले म्हणते शिकलेला नवरा. तुझा सासरा अजून पाण्याचा गिलास उचलत नाही."

मनकर्णा लाजली. खूप दिवसांनी ती सगळ्यांमध्ये बसली होती. दुबेजी सुरू झाला. स्टोव्हवर पाणी ठेवलं, चहापत्ती पडली आणि मग मनकर्णाने इकडेतिकडे पाहिलं.

"साखर आतच राहिली."

"मी आणतो," रुपराव ताडकन उठले.

"तुम्हाले माहीत तरी आहे का, कोन्या डब्यात आहे?"

त्यांना माहीत नव्हतं. संसाराला इतकी वर्षं झाली, तो डबा त्यांनी कधी उघडला नव्हता. आत जाऊन त्यांनी फळीवरचा एक डबा काढला, त्यात बेसन. दुसऱ्यात डाळ. तिसऱ्याचं झाकण निघालं तशी तिखटाची पूड नाकात गेली आणि ते शिंकत शिंकत, डोळे पुसत, पुढच्या डब्यातलं पांढरं काहीतरी वाटीत घेऊन बाहेर आले. मारोतरावांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं.

"सर, हे तर मीठ हाय!"

घर फुटल्यासारखं हसलं. टीव्हीतली न दिसणारी माणसंही नेमकी तेव्हाच हसली. मनकर्णा हसत हसत उठली. "बसा तुम्ही. मी आणते."

रुपरावांनी तिचं मनगट धरलं. वणावरच त्यांचा अंगठा आला.

"नको जाऊ."

"अजी, साखर आणते नं."

"बिनसाखरेचा पिऊ आपण. बस."

"ओहोहो!" मारोतराव टाळ्या पिटत म्हणाले. "म्हातारपणी हात धरून राहिले, सर! दुबेजी गेला चुलीत, खरा सिनेमा इथं हाय!" कांताबाईने पदरात तोंड लपवलं. गोपिका पोट धरून हसत होती. सगळी गल्ली त्यांच्या हाताकडे पाहत होती. मनकर्णाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती दबक्या आवाजात म्हणाली, "सोडा जी. लोक पाहतात."

त्यांनी हात सोडला.

पडदा हलला आणि थांबला.

लोक अजून हसत होते, एकमेकांना टाळ्या देत होते, म्हणून टीव्हीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. फक्त रुपरावांचं गेलं, दाराच्या हिरव्या पडद्याकडे पाहवेना म्हणून. तिथे दुबेजीची बैठक नव्हती. एक स्वयंपाकघर होतं. ओटा, फळी, खिडकी. ओट्याशी पाठमोरी एक बाई, खांद्यांवर शाल. ती काही करत नव्हती, नुसती उभी होती. तिच्या समोरच्या खिडकीतला उजेड कमी झाला, पुन्हा आला, पुन्हा कमी झाला. टीव्हीतली माणसं हसतच होती. मग बाईने वरचा डबा घ्यायला हात उचलला, शाल खाली सरकली. हात वाळलेल्या फांदीसारखा होता, शिरा वर आलेल्या, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला पांढरं काहीतरी. डाव्या पायाचा तळवा उजव्या घोट्यावर टेकलेला.

पुन्हा दुबेजी.

"मारोतराव, आत्ता ते पाह्यलं?"

"काय, सर?"

पडदा हलला. मनकर्णा साखरेची वाटी घेऊन दारात उभी होती. तिचे सगळे केस पांढरे होते. तिने खोलीवरून सावकाश नजर फिरवली, एकेका चेहऱ्यावर थांबत, नावं आठवत असल्यासारखी. शेवटी ती रुपरावांवर थांबली. फार दिवसांनी भेटलेल्या माणसाकडे पाहावं तसं तिने पाहिलं.

"तुम्ही अजून इथंच बसले हाय?" ती म्हणाली.

स्टोव्हवरच्या पाण्याला अजून आधणही आलं नव्हतं.

ती भिंतीचा आधार घेत पुढे आली आणि गोपिकेपाशी थांबली. "अवं, लेकरू कुठं हाय तुझं? आता तर पळत असंल."

गोपिकेचा हात आपोआप पोटावर गेला. मग मारोतराव म्हणाले, "वहिनी, आधी येऊ तर द्या त्याले!" आणि सगळे पुन्हा हसले. साखर पडली, चहा झाला, सगळ्यांनी घेतला. जाताना कांताबाई म्हणाली, चहा आज मस्त झाला होता.

७

कुणाच्या लक्षात आलं नाही, असं म्हणणं बरोबर नाही. रुपरावांनी ज्याला त्याला विचारलं, आणि प्रत्येकाने मनकर्णाकडे नीट पाहून उत्तर दिलं. "ताई तर पहिल्यापासूनच अशा," कांताबाई म्हणाली. मारोतराव म्हणाले, "सर, आपण काय जवान होऊन राहिलो का?" त्यांचा विद्यार्थी डॉक्टर घरी येऊन तपासून गेला आणि अंगणात म्हणाला, "आजार काही नाही, सर. वय झालं."

"तिला साठ पूर्ण नाहीत."

डॉक्टरने सरांकडे पाहिलं, आणि ती नजर रुपरावांना ओळखता आली. परीक्षेत चांगला मुलगा सोपा प्रश्न चुकला की ते स्वतः तसंच पाहत.

त्यांनी तिचा पलंग बैठकीत आणला आणि स्वयंपाकाला पार्वतीबाई आली. मनकर्णाने या वेळी डबे आपटले नाहीत. रुपराव दिवसभर तिच्याजवळ बसत. एका दुपारी त्यांनी धीर करून विचारलं.

"आत काय होतं, मनकर्णे?"

"आत?" तिने डोळे उघडले. "काय राहीन? काम होतं."

"मी हाक मारली असती तर ऐकू आली असती?"

ती विचारात पडली. त्यांना बरं वाटेल असं काही सांगायचा ती प्रयत्न करत होती, हे त्यांना दिसत होतं. "हसण्याचा आवाज येत होता," ती म्हणाली. "मले वाटे, पाहुणे बसले हायत अजून. चहा द्याचा राहिला."

दसऱ्याच्या आधी, दीक्षाभूमीसाठी बाहेरगावची माणसं शहरात उतरायला लागली होती त्या दिवसांत, ती गेली. भर दुपारी, त्यांच्या डोळ्यांसमोर. त्यांनी ते होताना पाहिलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधला काहीही भाग न सुटता.

८

पुढे बऱ्याच वर्षांनी गोविंदा नोकरी सोडून नागपूरला परतला. येताना त्याने मालिकेच्या सगळ्या भागांच्या कॅसेटी आणल्या, मामांना चुका काढायला आवडतात म्हणून. दोघांनी त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिल्या. हिरव्या बांगड्या लाल झाल्या, दाढी वाढली आणि गेली. रुपरावांना जे आठवत होतं ते जवळजवळ सगळं जागच्या जागी होतं. शेवटचा भाग त्यांनी थांबवून थांबवून पाहिला, मग पुन्हा पाहिला. त्यात बैठकच होती, अथपासून इतिपर्यंत.

"आणि स्वयंपाकघर?" त्यांनी विचारलं. "ते कोणत्या भागात आहे?"

"कोणतं स्वयंपाकघर, मामाजी?"

"दुबेजीचं. पडद्याच्या आतलं."

"ते बांधलंच नव्हतं कधी," गोविंदा म्हणाला. "पडद्यामागं दोन हातांवर स्टुडिओची भिंत होती. बाई आत गेली की तिथं भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. आम्ही आवाज दिला की बाहेर यायची."